६२० किलोमीटर आणि मधला मुलूख

मुंबई ते हैदराबाद अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. रेल्वेने विचाराल तर सुमारे ७९० किलोमीटर. पुणे, सोलापूर, उमरगा या रस्त्याने साधारण ७१० किलोमीटर. आणि नकाशावर दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर सुमारे ६२० किलोमीटर. पहिल्या अंतराला एक रात्र आणि वर काही तास लागतात, दुसऱ्याला बारा-तेरा तास, तिसऱ्याला वेळापत्रकात सव्वा ते दीड तास.

या तिसऱ्या रेघेकडे माझे लक्ष गेले ते ती आमच्या जिल्ह्यावरून जाते म्हणून. सांताक्रूझ आणि शमशाबाद या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला, तर ही रेघ बार्शीच्या थोडी दक्षिणेकडून जिल्ह्यात शिरते, तुळजापूरच्या जवळपास माथ्यावरून जाते आणि उमरग्याला लागून कर्नाटकात उतरते. मुरुम तिच्या दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर राहते. प्रत्यक्षात विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, थोडी उजवी-डावी होतात. पण दोन महानगरांमधली सगळ्यात जवळची वाट आमच्या तालुक्यावरून आहे, एवढे निश्चित. मुरुमहून सरळ रेषेत हैदराबाद सुमारे २१५ किलोमीटर आणि मुंबई सुमारे ४०५. (या लेखातली सरळ अंतरे मी स्वतः काढलेली आहेत, दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे धरावेत.)

मग साधा प्रश्न पडतो. गेल्या दीडशे वर्षांत मुंबई आणि हैदराबाद एकमेकांच्या इतक्या जवळ आली, तर त्यांच्या मधोमध असलेला हा मुलूख कोणाच्या जवळ आला? त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी मोजणी

सरळ अंतर काढायला दोन ठिकाणांची जागा पृथ्वीवर नेमकी ठाऊक असावी लागते. आज हे काम मोबाइल करतो. पण या मुलखाची जागा पहिल्यांदा नेमकी ठरली ती साखळीने. कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. एक सपाट जागा पाहायची, शंभर फुटी पोलादी साखळीने काही मैलांची रेषा काटेकोर मोजायची, आणि मग त्या एका रेषेवरून कोन घेत डोंगरमाथ्यांवर त्रिकोणांची जाळी विणत जायची. जाळे लांबत गेले की चूक साठत जाते, म्हणून अधूनमधून नवी पायारेषा मोजून ताळा घ्यावा लागतो. असा एक ताळा १८१५ मध्ये बीदरजवळ घेतला गेला. बीदर म्हणजे आमच्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर.

लॅम्बटन पुढे उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. निजामाच्या राज्यातले रस्ते धड नव्हते, त्या काळात त्या राज्यातल्या टेकड्यांची जागा फुटांत ठरली होती. अंतर कळणे आणि अंतर कापता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या मुलखाच्या वाट्याला पहिली फार लवकर आली.

बैल आणि रेल्वे

सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद ही वाट जुनी. नळदुर्गचा किल्ला याच वाटेवर बोरी नदीला धरून उभा आहे. १८५३ च्या करारानंतर इंग्रजांनी निजामाकडून जे जिल्हे घेतले त्यांत हा भागही होता, आणि काही वर्षे इथला कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे होता. पुढे १८६० मध्ये हा भाग निजामाला परत मिळाला. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते, असे धरले तर मुंबई-हैदराबाद म्हणजे महिनाभराचा प्रवास. पण त्या महिन्याचा एक गुण होता. गाडी रोज कुठेतरी मुक्काम करी. नळदुर्ग काय, उमरगा काय, वाटेवरच्या प्रत्येक गावाला त्या प्रवासाचा थोडा भाग मिळे. चारा विकला जाई, बाजार भरे, बातमी कळे.

रेल्वेने हा हिशेब बदलला. जी. आय. पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पुढची वाट तिने हैदराबादकडे नाही, मद्रासकडे धरली. अक्कलकोट, दुधनी, गुलबर्गा, वाडी असे करत ती १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. हैदराबाद बाजूलाच राहिले. मग निजाम सरकारच्या पैशाने वाडीपासून सिकंदराबादपर्यंत फाटा टाकला गेला आणि १८७४ मध्ये राजधानी मुंबईशी जोडली गेली. आजही मुंबई-हैदराबाद गाडी दक्षिणेला वाडीपर्यंत उतरते आणि मग पूर्वेला वळते. सरळ ६२० किलोमीटरचे रेल्वेने ७९० होतात ते मुख्यतः पुणे-सोलापूरच्या आणि या वळणांमुळे.

महिन्याचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. पण आमचा रस्ता मधल्या मध्ये सुटला. सोलापूर सोडले की रूळ दक्षिणेला आणि आम्ही उत्तरेला. ज्या व्यापाराला हैदराबाद गाठायचे होते तो नळदुर्गच्या वाटेने न जाता गुलबर्ग्याच्या वाटेने जाऊ लागला. दोन टोकांमधला वेळ कमी झाला, आणि जुन्या वाटेवरची मुक्कामाची गावे वाटेवरून उठली. विमानाच्या बाबतीत पुढे जे झाले त्याची ही रंगीत तालीम होती, असे म्हणायला हरकत नाही.

१९३२: दोन सुरुवाती

१९३२ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येते. जून महिन्यात निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. निजामाच्या राज्यातल्या सरकारी एस. टी.चा हा आरंभ. आणि १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथ जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान घेऊन सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघाले. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले. ते बैलगाडीवरून डब्यांतून आणले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते मुंबईत जुहूला उतरले. सोबत टपालाच्या थैल्या. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. देशातल्या नियमित हवाई टपालाचा प्रारंभ म्हणून ही तारीख सर्वांना माहीत असते.

माझे लक्ष त्यातल्या बेल्लारीवर खिळते. पुस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून मद्रासला एका दमात जाणे त्याला झेपणारे नव्हते. मध्ये उतरायला एक जागा हवी होती. मुंबई ते बेल्लारी सरळ अंतर काढले तर ते सुमारे ६१७ किलोमीटर येते आणि मुंबई ते हैदराबाद सुमारे ६१९. म्हणजे वैमानिकाच्या आणि पेट्रोलच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यात. बेल्लारी ते मद्रास सव्वाचारशे किलोमीटर, तर हैदराबाद ते मद्रास सव्वापाचशेच्या वर. शंभर किलोमीटर जास्त, म्हणजे त्या विमानाला सुमारे चाळीस मिनिटे जादा.

तरीही पुढे बेल्लारी गळाले आणि हैदराबाद आले. १९३८ मध्ये साम्राज्याच्या हवाई टपाल योजनेखाली ही वाट कराचीपासून कोलंबोपर्यंत लांबली तेव्हा तीत हैदराबादचा थांबा होता. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बेल्लारी हे एका जिल्ह्याचे ठाणे होते. हैदराबाद ही देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थानाची राजधानी. तिथे टपाल होते, प्रवासी होते, पैसा होता. विमानाची वाट केवळ अंतराने ठरत नाही. थांब्यावर कोण राहते, यावर ठरते. ज्या गावासाठी शंभर किलोमीटरचा वळसा घ्यायला कंपनी तयार असते ते गाव जवळ येते. बाकीच्यांवरून फक्त आवाज जातो.

तो आवाज आमच्या भागावरून जाऊ लागला तो या बदलानंतर. चार तासांत मुंबईचे पत्र हैदराबादला. आणि त्याच हैदराबादला मुरुमहून जायचे तर आधी गाडीने गुलबर्गा किंवा दुधनी गाठायची, मग रेल्वे. बस आली तरी पावसाळ्यात काळ्या मातीत चाक फसले की दिवस गेलाच.

सरहद्द बंद, आकाश उघडे

१९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. बेगमपेठ हे तिचे घर. महायुद्ध संपल्यावर मोकळी झालेली डकोटा विमाने तिने घेतली. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबई-हैदराबाद सव्वादोन-अडीच तास. याच कंपनीने प्रेम माथुर या तरुणीला वैमानिक म्हणून नेमले. भारतातल्या त्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक.

दोन वर्षांत चित्र पालटले. १५ ऑगस्ट १९४७ नंतर सोलापूर स्वतंत्र भारतात होते आणि तिथून ४५ किलोमीटरवरचे नळदुर्ग नव्हते. रझाकारांच्या जुलमाला कंटाळून आमच्या भागातली माणसे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे जात होती. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. मुरुमहून सोलापूर हा एका दिवसाचा प्रवास, पण त्या वर्षी त्या प्रवासाला तासांचे माप लागू नव्हते. रात्र कोणती, वाट कोणती, नाक्यावर कोण, यावर तो ठरत असे.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवत होता. लँकॅस्ट्रियन ही चार इंजिनांची मोठी विमाने, आणि उतरण्याच्या जागा बीदर आणि वरंगळ. कराची ते बीदर सरळ अंतर तेराशे किलोमीटरच्या वर. त्या विमानांना साडेतीन-चार तासांचे काम. ४५ किलोमीटरवरचे सोलापूर परमुलूख झाले होते आणि तेराशे किलोमीटरवरची कराची चार तासांवर होती. अंतर आणि वेळ यांचे नाते सत्ता कशी फिरवते याचा यापेक्षा ढळढळीत दाखला मला सापडलेला नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या तुकड्या याच जुन्या रस्त्याने, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद असे करत पुढे गेल्या. १७ ला निजामाने शरणागती पत्करली, १८ ला सैन्य राजधानीत होते. सोलापूर ते हैदराबाद तीनशे किलोमीटर, पाच-सहा दिवस. रेल्वेने सोडलेल्या या रस्त्याला पुन्हा महत्त्व आले ते असे. आधीच्या जुलमाइतकीच नंतरच्या सूडाचीही झळ या जिल्ह्याला लागली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले आहे. रस्त्याचा इतिहास सांगताना हे गाळून चालणार नाही.

नागपूरचा धडा

या सगळ्यात मधल्या गावाचा फायदा कधी झालाच नाही का? एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत विमाने आपापल्या गावी परत.

आता हिशेब पाहा. मुंबई-मद्रास सरळ अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. नागपूरवरून गेले तर सुमारे १,५९०. साडेपाचशे किलोमीटरचा वळसा. तरी पत्र लवकर मिळे, कारण ते माणसे झोपलेली असताना प्रवास करी आणि सकाळच्या बटवड्याला हजर होई. अंतर दीडपट झाले आणि वेळ कमी झाला.

नागपूरही मधलेच गाव. मुरुमही मधलेच. नागपूरला विमान उतरले म्हणून नागपूरला माणसे लागली, दिवे लागले, धावपट्टी सुधारली, गावाचे नाव झाले. नागपूर मोठे शहर आणि जुन्या प्रांताची राजधानी होती हे खरेच. मुरुमला विमानतळ हवा होता असे कोणी म्हणणार नाही. सांगायचे ते एवढेच की, मध्ये असण्याला आपोआप काही किंमत नसते. वाहन थांबले तरच मधल्या गावाचा वेळ वाचतो.

वेग वाढला, वेळ थांबला

१९५३ मध्ये खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे व्हायकाउंट आली, १९६४ मध्ये कॅरव्हेल जेट आले, सत्तरच्या दशकात बोइंग ७३७. डकोटाच्या तिप्पट वेग. ताशी ८०० किलोमीटरने ६२० किलोमीटर म्हणजे पाऊण तासाचे काम. पण वेळापत्रक सव्वा ते दीड तासाच्या खाली येत नाही, आणि गेली पन्नास वर्षे ते साधारण तिथेच आहे. कारण विमानाला चढायला आणि उतरायला वेळ लागतो, धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ लागतो, मुंबईच्या आकाशात रांग असते.

वाराही आपला वाटा घेतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारा असतो, त्यामुळे हैदराबादला जाताना विमान लवकर पोचते. पावसाळ्यात जमिनीवर नैर्ऋत्येचा वारा आणि वर, दहा-बारा किलोमीटरवर, पूर्वेचा. म्हणजे आमच्या शेतात ज्या दिशेने ढग सरकताना दिसतात, त्याच्या उलट दिशेचा वारा त्या विमानाला ढकलत असतो. फरक पाच-दहा मिनिटांचा. पण रेघ तीच असून वेळ ऋतूप्रमाणे बदलतो, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यात २००८ मध्ये बेगमपेठचा विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद होऊन शमशाबाद सुरू झाले. शहराच्या मध्यातून विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर गेला. आता विमानात सव्वा तास बसायचे आणि विमानाच्या आधी-नंतर चार तास घालवायचे, असा हिशेब झाला आहे. पुस मॉथने चार तासांत टपाल नेले. आज घरातून घरापर्यंत माणसाला पाच-सहा तास लागतात. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. पण विमानाचा वेग आणि प्रवासाचा वेळ एक नव्हे, हे तिच्यातून कळते.

राजधानी दूर गेली

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची तीन वाटण्या झाल्या. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आमची राजधानी एका रात्रीत २१५ किलोमीटरवरून ४०५ किलोमीटरवर गेली. आळंद, गुलबर्गा, बसवकल्याण, बीदर म्हैसूर राज्यात गेले. निजामाच्या काळात उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. मुरुमहून गुलबर्गा सरळ साठ-पासष्ट किलोमीटर. आज विभागाचे ठाणे छत्रपती संभाजीनगर. सरळ अंतर सुमारे २६५ किलोमीटर.

उच्च न्यायालयाचेही तसेच. १९५६ पर्यंत आमच्या भागातला माणूस अपिलासाठी हैदराबादला जाई. मग मुंबई. लांब पडते म्हणून मोठ्या मागणीनंतर १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ आले. मराठवाड्याच्या दृष्टीने ती मोठी सोय होती आणि आहे. पण मुरुमवरून मोजले, तर हे जवळ आणलेले न्यायालय जुन्या हैदराबादच्या न्यायालयापेक्षा पन्नास किलोमीटर लांबच आहे.

हे सांगताना तक्रारीचा सूर लागू नये म्हणून स्पष्ट लिहितो. हैदराबादेत राहावे असे इथल्या मराठी माणसाला वाटत नव्हते. उर्दूत लिहिलेला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या पाया पडावे लागे, शाळेत मुलाला मातृभाषा मिळत नसे, त्याला अंतर जवळ असून काय उपयोग? स्वामी रामानंद तीर्थांनी तरुणपणी जिथे अध्यापन केले ती हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा याच जिल्ह्यातली. आमच्या आधीच्या पिढीने समजून-उमजून लांबची राजधानी निवडली, कारण तिथे आपल्या भाषेत बोलता येणार होते. भाषेसाठी १९० किलोमीटर जास्त चालायची तयारी त्यांनी दाखवली. त्या तयारीची नोंद कुठल्याही कागदावर नाही. नकाशावर मोजपट्टी ठेवली तरच ती दिसते.

पण ज्यांनी हे अंतर आनंदाने पत्करले, त्यांचा वेळ कमी करण्याची जबाबदारी नव्या राज्यावर येत होती. ती किती पार पडली, हे वाचकांनी ठरवावे.

एक पहाट

त्या हवाई रेघेवरून एकदा मात्र खरेच माणसे खाली उतरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांवर सगळ्यात मोठा घाव. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी त्या मुंबई-हैदराबाद रेघेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार मुंबईहून हवाई मार्गाने निघून त्याच सकाळी किल्लारीत पोचले.

पुढचे काही दिवस सोलापूर-हैदराबाद रस्ता मदतीच्या गाड्यांनी भरून गेला. पश्चिमेकडून पुण्या-मुंबईचे ट्रक, पूर्वेकडून आंध्रचे. जो मुलूख दोन शहरांच्या मध्ये असल्याचा कधी फायदा झाला नव्हता, तो दोन्ही शहरांपासून सारखा जवळ असल्याचे त्या आठवड्यात दिसले. ४०५ किलोमीटर हे अंतर काही तासांत कापता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. याचा दुसरा अर्थ असाही होतो की इतर दिवशी ते कापले जात नाही ते अंतरामुळे नव्हे.

आज

आज कलबुर्गीला विमानतळ आहे. तो २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. सोलापूरहून २०२५ मध्ये गोव्याला विमान जाऊ लागले. मुंबई-हैदराबाद जलदगती रेल्वेचा सुमारे ७११ किलोमीटरचा आराखडा सरकारदरबारी आहे. ही चांगली लक्षणे आहेत. पण प्रत्येक वेळी बातमीत सांगितले जाते ते एकच: मुंबई-हैदराबाद आता इतक्या तासांत. मधल्या थांब्यांचे काय, थांब्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याचे काय, हे शेवटच्या ओळीत असते किंवा नसते.

मुरुमच्या माणसाने विमानाने मुंबईला जायचे ठरवले तर काय होते, हा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. हैदराबाद विमानतळावर नियमित विमाने भरपूर, म्हणून तो आधी पूर्वेला रस्त्याने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जातो. चार-पाच तास. तिथे दोन तास थांबतो. मग विमान उडते आणि वीस-पंचवीस मिनिटांत उमरग्याच्या आसपासच्या आकाशात येते. म्हणजे सकाळी घर सोडलेला माणूस दुपारी स्वतःच्याच शिवारावर परत येतो, फक्त दहा किलोमीटर उंचीवर. त्यापेक्षा सोलापूर गाठून रात्रीच्या रेल्वेत बसलेले बरे, असे कोणीही म्हणेल, आणि बहुतेक जण तेच करतात.

परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेला रोगी, मंत्रालयात कागद घेऊन निघालेला शेतकरी, भरतीला निघालेला पोरगा, सगळे त्याच वाटेने जातात. त्यांना मुंबई किती लांब आहे असे विचारले, तर ४०५ किलोमीटर किंवा पाऊण तास असे उत्तर कोणी देत नाही. बैलगाडीच्या काळात आजोबा मुक्कामांत मोजत. आम्ही अजून रात्रीत मोजतो. मुंबई? एका रात्रीचा रस्ता.